मालिकेतल्या दुय्यम पात्रांवर फॅन फिक्शन लिहिताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या दारव्ह्याकडच्या गावात कॉलेजची पोरं-पोरी मला वह्या आणून देतात. मालिकांवरच्या कथा. नायक-नायिका सोडून मोलकरीण, ड्रायव्हर, थोरली जाऊ अशांवर लिहितात, याचा मला मनापासून आनंद आहे. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि या माणसांच्या वाट्याला त्यातलं मिनिटभरही येत नाही. लिहायला जागा तिथंच आहे. पण वही उघडली की त्याच त्या चुका.

खोली हवी म्हणून मरण देऊ नका

सगळ्यात जास्त सापडते ती ही. पात्र विदर्भातलं असलं की नवऱ्यानं किंवा बापानं आत्महत्या केलेलीच असते. ही चूक मी स्वतः केली आहे. एका मालिकेत चहाचा ट्रे घेऊन येणारी बाई होती. मी तिला यवतमाळ जिल्ह्यातलं गाव दिलं, नवऱ्याची आत्महत्या दिली आणि मुंबईला पाठवलं. लिहिताना माझेच डोळे भरून आले, म्हणून कथा चांगली आहे असं वाटलं. शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. त्यांचं माणूस तसंच गेलं होतं, आणि हे मला ठाऊक होतं.

काकूंनी पूर्ण ऐकली. मग विचारलं, "तिचं प्रकरन पात्र ठरलं का अपात्र?"

मला उत्तर देता येईना. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणारी सरकारची एक लाखाची मदत 'पात्र' या एका शब्दावर अडते, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. माझ्या कथेत तो शब्दच नव्हता. काकू विचारत गेल्या. "सातबारा कोनाच्या नावावर होता वं? अन ते मुंबईले गेली, मंग वावर कोन पाह्यते?" शेवटी म्हणाल्या, "माया मानूस गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी म्या वावरात होती. पऱ्हाटी निंदाची राह्यली होती." म्हणजे कपाशीतलं तण काढायचं राहिलं होतं.

ती कथा मी फाडली. त्या बाईचे सगळे प्रसंग पुन्हा पाहिले, आवाज बंद करून. एका भागात मालकीण फोनवर गावाला नावं ठेवत असते, तेव्हा ही ट्रे ठेवता ठेवता थांबते. क्षणभरच. नवी कथा तिथून निघाली. मृगाआधी तिला गावच्या घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे आहेत आणि त्यासाठी चार दिवसांची सुट्टी मागायची आहे. बस्स, एवढंच. नवरा जिवंत आहे, छपरावर चढायला घाबरतो.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. पात्राला दुःख देण्याआधी त्याला या आठवड्यात काय हवं आहे ते वहीत एका ओळीत लिहायचं. ती ओळ सुचत नसेल तर कथा सुरू करायची नाही. पोरांना हे जड जातं. प्रोमो पाहून दुपारी लिहायला बसायचं आणि रात्री पहिला भाग तयार, अशी घाई असते. आधी वीस प्रसंग तरी नीट पाहा. त्याला दुसरी वाट नाही.

अख्ख्या विदर्भाला एकच बोली देऊ नका

'माझ्या नवऱ्याची बायको' 2016 मध्ये सुरू झाली आणि तिच्यातल्या नायिकेनं, राधिकेनं, नागपूरकडचं बोलणं घराघरांत पोचवलं. त्याचं मोल मोठं आहे. पण तेव्हापासून बुलडाण्याचा माणूस आणि गडचिरोलीचा माणूस वह्यांमध्ये तिच्यासारखाच बोलतो. वऱ्हाडीत डोळ्याचा 'डोया' होतो, तर पूर्वेकडच्या झाडीबोलीत 'डोरा'. इकडं कापूस, तिकडं धान. पात्राचा तालुका ठरवा, मगच तोंड उघडू द्या.

आणि माणूस सगळ्यांशी एकसारखं बोलत नाही. मालकिणीसमोर 'मला' म्हणणारी बाई आईच्या फोनवर 'मले' म्हणते. मी बोली फक्त आपल्या माणसांच्या संवादात ठेवते. मालकीण खोलीत आली आणि बोलता बोलता 'मले'चं 'मला' झालं, की त्या बाईबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. संवाद मोठ्यानं म्हणून पाहा, जीभ अडखळली तर खोडा.

बाकीच्या चुका

श्रावणात कापसाचा वेचा दाखवू नका. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो.

'रात्रीस खेळ चाले'तला पांडू विसरभोळा आहे. त्याचा विसर म्हणजे सोंग, असं दाखवलं की पांडू संपतो, उरतो तो तुमचा कुणी भलताच.

खलनायिकेला समजून घ्या, पण तिनं पडद्यावर केलेलं पुसू नका.

दर पानाला धक्का नको. 'रात्रीस खेळ चाले'चं पहिलं पर्व घरातल्या कर्त्या अण्णांच्या मृत्यूनं सुरू झालं आणि 2019 मध्ये दुसरं पर्व मागच्या काळात गेलं. अण्णांचं काय होणार हे माहीत असूनही लोक रोज रात्री टीव्हीसमोर बसलेच.

नटाच्या खासगी आयुष्यातलं काहीही पात्राला चिकटवू नका.

कथा अडली तर नायिकेला दोन पानं बाहेर पाठवा आणि तुमच्या पात्राला गिरणीवर दळण घेऊन बसवा, रांगेत पाच-सहा बायका पुढं असताना. मी दरवेळी हेच करते.