कच्छच्या दगडातली बिळं कशी ओळखायची

भुजकडे गेलात तर ज्युरासिक काळातले वाळूखडक नक्की बघा, तिथे तेव्हा उथळ समुद्र होता. शिंपले सगळेच शोधतात हो, तुम्ही बिळं शोधा, म्हणजे तेव्हाच्या प्राण्यांनी समुद्रतळाच्या वाळूत केलेली आणि आता दगडात राहिलेली घरं. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात उठाव मस्त दिसतो. उभ्या सरळ नळ्या म्हणजे स्कोलिथॉस नावाच्या प्रकारची बिळं, लाटांनी वाळू सतत हलत असणार म्हणून प्राणी खोल घुसून बसायचा. नळीला बाहेरून मक्याच्या कणसासारखे दाणे असतील तर ऑफिओमॉर्फा, हे कोळंबीच्या भाऊबंदांचं काम, वाळू ढासळू नये म्हणून केलेलं प्लास्टरच म्हणा ना. दगडातल्या झाडांच्या मुळांशी गल्लत होते, पण मुळं खाली निमुळती होत जातात, बिळाची जाडी बहुतेक सारखीच राहते. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, हातोडा घरीच ठेवा.