परिसर अभ्यासाच्या तासाला पुस्तक कधी उघडायचं?

जिल्हा परिषदेच्या शाळेवर नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवकाला पहिल्याच महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "विज्ञान म्हणजे प्रयोग, ते वाचून येत नसतं." दुसरा, "आधी वाचन पक्कं करून घ्या, निपुणची (पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाची) तपासणी असते. विज्ञान काय, सहावीपासून आहेच." सांगणारे अनुभवी असतात, हेतूही चांगला असतो. पण पहिला सल्ला ऐकलेल्या वर्गातली मुलं फुगे-मेणबत्तीत रमतात आणि चार ओळींचा माहितीपर मजकूर समोर आला की गडबडतात. दुसरा ऐकलेल्या वर्गातली मुलं घडाघड वाचतात, पण "हे खरं कशावरून?" असं विचारलं की पुन्हा तीच ओळ वाचून दाखवतात. मी आधी चोपड्याकडच्या केळीपट्ट्यात आणि नंतर साक्री तालुक्यात शिकवलं. तिसरी ते पाचवीच्या वर्गांवर जे उपयोगी पडलं, ते नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

माझा सगळा भर एका क्रमावर आहे. आधी वस्तू, मग वाद, मग पुस्तक. पुस्तक वाद मिटवायला येतं, आणि कधी कधी तो आणखी वाढवून जातं.

उदाहरण केळीचंच घेते. वनस्पतीचे भाग शिकवताना आकृतीत एक सरळ खोड, त्याला फांद्या, पानं, खाली मुळं असतात. रावेर, यावल, चोपडा या भागातलं मूल झाड म्हणजे केळ हे जन्मापासून बघत आलेलं असतं. घड कापून झाला की तोडलेली खोडं बांधावर पडलेलीच असतात. त्यातला हातभर तुकडा वर्गात आणला आणि विळ्याने आडवा कापला (विळा आपल्याच हातात ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको). आत एकावर एक गुंडाळलेले थर दिसतात. मुलं ते सोलत जातात. प्रत्येक थर म्हणजे कुठल्या तरी पानाचा खालचा भाग, हे त्यांच्या पटकन लक्षात येतं. सोलता सोलता मध्ये पांढरा, गुळगुळीत दांडा लागतो. इथे वर्गाचे दोन तट पडतात. काहींच्या मते खोड असं काही नाहीच, सगळी पानंच आहेत. बाकीचे म्हणतात, तो मधला दांडा हेच खोड.

आता मजकूर द्यायचा. अर्ध्या पानाचा, मीच लिहून काढलेला: बाहेरून खोड दिसतं ते पानांच्या आवरणांचं बनलेलं असतं, केळीचं खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, केळफूल यायच्या वेळी या कंदातूनच एक दांडा आवरणांच्या मधून वर चढतो आणि त्याच्या टोकाला घड लागतो. हे वाचताना वर्गात जी शांतता असते ती धाक दाखवून येत नाही. प्रत्येकाला आपल्या बाजूची ओळ शोधायची असते. एरवी जोडाक्षराला अडखळणारी मुलगी "आवरणांच्या" हा शब्द तीनदा वाचते, कारण तिला समोरच्याला गप्प करायचं असतं. आणि शेवटी दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर निघतात. अशा वेळी निकाल देण्याची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, बीपासून रोप येतं म्हणता, मग केळीला बी कुठे?" घरी कंद किंवा टिश्यू कल्चरची रोपं लावतात, हे त्याला माहीत असतं. केळ उभी चिरून मधले काळे ठिपके दाखवा. ते न वाढलेल्या बियांचे अवशेष आहेत. रानटी केळींत खरोखर कठीण बिया असतात. मुलाने पुस्तकातल्या सरसकट वाक्याला अपवाद काढला, यापेक्षा मोठी विज्ञान साक्षरता प्राथमिकला दुसरी कुठली असणार, हे मला अजून कळलेलं नाही.

फळ्यावर मी तीन रकाने आखते: "पुस्तक म्हणतं", "आम्ही पाहिलं", "अजून ठरलं नाही". तिसरा रकाना रिकामा राहिला तर समजायचं, तास फार गुळगुळीत झाला. मुलं आधी या रकान्यात काही टाकायला घाबरतात, कारण शाळेत न ठरलेलं काही असतं हेच त्यांना नवीन असतं. नाग दूध पितो का, हा प्रश्न श्रावणात दरवर्षी तिथे येतो. त्याचं उत्तर स्पष्ट आहे, साप दूध पिऊन जगणारा प्राणी नाही. तरी ते मी लगेच ठोकून देत नाही. साप काय खातो, त्याला चावून खाता येतं का, याबद्दलचं एक पान वाचायला देते आणि रकाना मुलांना बदलू देते. घरी आजीशी वाद घालायचा की नाही, हे त्यांचं तीच ठरवतात!

बोलीबद्दल थोडं. चर्चा अहिराणीत होऊ द्या. अंगणातलं पाणी "उडी गयं" असं मूल म्हणालं तर ते बरोबरच सांगतंय. "बाष्पीभवन" नंतर वाचनात येईल तेव्हा त्या शब्दाला टेकायला जागा असेल. नंदुरबारकडे पावरी, भिली, मावची बोलणारी मुलं असतील तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे पहिली काही पानं मुलांनी तोंडी सांगितलेली आणि आपण उतरवून घेतलेलीच असावीत.

वाचायला आणायचं काय? पहिलं साहित्य शाळेतच असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीने जिल्ह्यानुसार वेगवेगळं काढलेलं आहे. शेजारच्या जिल्ह्याचं मिळवून दोन्हींची तुलना करायला लावा. बालभारतीचंच "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली मिळतात आणि परवाना मुक्त असल्याने छापायला, भाषांतर करायला, बोलीत उतरवायला अडचण नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकं उतरवून घेता येतात. पुण्याहून १९२८ पासून चालत आलेलं "सृष्टिज्ञान" हे विज्ञान मासिक आपल्या स्वतःच्या वाचनासाठी ठेवा. चौथीच्या मुलाला ते झेपणार नाही.

ढग रडतो, सूर्यआजोबा रागावतात, थेंबताई प्रवासाला निघतात, असल्या गोष्टी मी विज्ञानासाठी वापरत नाही. मराठीच्या तासाला खुशाल वाचा. पण परिसर अभ्यासात त्या वाचल्या की पाऊस का पडला याचं उत्तर "ढगाला वाईट वाटलं" असं येतं, आणि ते पुसायला पुढचे दोन तास जातात. बऱ्याच सहकाऱ्यांना माझं हे मत कडक वाटतं. असू दे.

सातपुड्याच्या पलीकडचा एक दाखला इथे आठवतो. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांपासून सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढत, पुस्तकात तयार उत्तरं नसत. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. प्रयोगांसाठी देशभर नाव झालेल्या या कामातून पुढे आलेल्या एकलव्य संस्थेने १९८५ मध्ये मुलांसाठी "चकमक" हे मासिक काढलं, हे मला बोलकं वाटतं. प्रयोगाचा एवढा आग्रह असलेल्यांनाही मुलांच्या हातात छापील कागद हवासा वाटला.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाचनसाहित्य घरात आणि शेतात पडलेलं असतं. ओआरएसच्या पुडीवर किती पाण्यात कालवायचं ते लिहिलेलं असतं. एक लिटरची पुडी पेल्यात कालवली तर काय बिघडतं, यावर अख्खा तास होतो. वर्तमानपत्रातलं कमाल-किमान तापमान फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तक्त्यात भरलं की जळगाव-भुसावळचा पारा कसा चढतो ते मुलं स्वतः वाचतात, आणि तक्ता वाचणं हे वेगळं कौशल्य आहे हे आपल्यालाही कळतं. वीजबिलावरचे युनिट पाचवीला जमतात.

कपाशीच्या गावात शिकवत असाल तर कीटकनाशकाचं लेबल सोडू नका. डबे किंवा बाटल्या वर्गात आणायच्या नाहीत, मुलांना आणायला सांगायच्याही नाहीत. लेबल फळ्यावर मोठं काढायचं. टोकावर उभा केलेला चौकोन, त्याचे दोन त्रिकोण, खालचा त्रिकोण रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. "हिरवा म्हणजे चालतं" असं वर्गातली निम्मी मुलं सांगतात, कारण सिग्नलचा हिरवा त्यांच्या डोक्यात असतो. हिरवंसुद्धा विषच आहे, रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही, हे त्या एका चित्रावरून ती घरी जाऊन सांगतात. पालक ऐकतात, कारण रंगाचा अर्थ पुष्कळदा त्यांनाही कुणी सांगितलेला नसतो.

आकृत्यांवर वेळ घालवा. जलचक्राच्या चित्रातले बाण मुलांना रस्त्यासारखे वाटतात, आणि त्या चित्रात विहीर नसते, बोअर नसतो, माणूसच नसतो. साक्रीकडे आम्ही पांझरा नदीच्या पाण्याचं चित्र काढलं: बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालचे फड. फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावाने मिळून शेतं भिजवायची रीत, शेकडो वर्षांची आहे. एका फडात शक्यतो एकच पीक घेतात आणि पाण्याची पाळी पाटकरी सांभाळतो. मुलांनी आजोबांना विचारून हे लिहिलं, मी शुद्धलेखन केलं, आणि त्याचं एक पान झालं. पुढच्या वर्षीच्या चौथीला ते वाचायला दिलं, तर त्यांनी त्यात दोन चुका काढल्या. पान दुरुस्त करून पुन्हा लिहिलं. छापलेलं बदलता येतं हे त्यांनी स्वतः करून पाहिलं, त्यानंतर पाठ्यपुस्तकाकडे बघण्याची त्यांची नजरच वेगळी झाली.

मूल्यमापनासाठी फार काही करत नाही. न वाचलेला सात-आठ ओळींचा उतारा देते आणि दोनच गोष्टी विचारते: यातलं काय आपण आपल्या गावात तपासू शकतो, आणि कसं? रिकाम्या जागा भरणारी हुशार मुलं इथे अडतात, आणि मागच्या रांगेतला बकऱ्या चारणारा मुलगा बिनचूक सांगतो.

राहिला कपाटाचा प्रश्न. बऱ्याच शाळांत पुस्तकं चांगली असतात, पण कुलपात असतात. कारण भीतीचं आहे: फाटली, हरवली, तर चार्ज देताना साठा नोंदवहीशी ताळा कसा लावायचा? यावर वाद घालू नका, रुजू झाल्यावर मुख्याध्यापकांना शांतपणे विचारून ठेवा की वापरून फाटलेल्या पुस्तकांचं निर्लेखन कसं करायचं, म्हणजे ती साठ्यातून कमी कशी करायची. रीत ठरलेली असते, फक्त कुणी मागे लागत नाही. दुशिक्षकी शाळा असेल तर देवघेवीची वही पाचवीच्या मुलांकडे सोपवा. आणि आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत फडाच्या पानासारखी मुलांनी केलेली पानं घेऊन जा. शेजारच्या शाळेकडून त्यांच्या गावाचं पान मागून घेतलं की वर्षाअखेरीस वाचायला बरंच काही जमलेलं असतं.