मांजराच्या पिल्लाला जन्मतः हार्टचा प्रॉब्लेम आहे का, हे कसं शोधायचं

पहिल्या लसीला नेलं, डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि 'मर्मर ऐकू येतोय' (म्हणजे हार्टच्या ठोक्यांबरोबर येणारा फुसफुस असा जादा आवाज) म्हणाले, की आपल्या पोटात गोळाच येतो. पण लगेच घाबरू नका, बऱ्याच पिल्लांचा हलका मर्मर वाढत्या वयात आपोआप जातो, आणि पिसवांनी रक्त पिऊन पिल्लू ॲनिमिक झालं असेल तरी तसाच आवाज येतो, म्हणून आधी रक्त तपासून घ्या.

मग घरचं काम. पिल्लू गाढ झोपलं की छाती बघत बसा, एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक श्वास, ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. घुरघुरत असेल किंवा नुकतंच खेळून आलं असेल तर मोजू नका. झोपेतला आकडा सारखा ३० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना कळवा. भावंडांपेक्षा अंगाने बारीक राहिलंय का, जरा धावलं की बसतं का, हेही बघा, शक्यतो व्हिडिओच काढून ठेवा कारण क्लिनिकमध्ये ते घाबरून गप्प बसणार. जीभ-हिरड्या निळसर दिसल्या किंवा तोंड उघडून धाप लागली तर मोजत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

डॉक्टर मर्मरला १ ते ६ ग्रेड देतात. गंमत अशी की आवाज मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतंच! मांजरांमध्ये जास्त दिसणारा दोष म्हणजे हार्टच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, आणि तिथे बारीक छिद्रातून रक्त जोरात घुसतं म्हणून आवाज मोठा येतो, मोठ्या छिद्राचा उलट कमी येऊ शकतो.

एक्स-रेमध्ये हार्टचा आकार आणि फुप्फुसात पाणी आहे का एवढंच कळतं, छिद्र दिसत नाही. खरं निदान इकोवरच, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीवरच होतं, तीही डॉपलरसकट (त्यात रक्ताचा प्रवाह दिसतो), छिद्र कुठे, झडप कशी, रक्त कुठल्या दिशेला जातंय, सगळं. बहुतेक वेळा भूल लागत नाही, पण मांजरांचे इको नेहमी करणाऱ्याकडेच जा.

पिल्लू मजेत असेल आणि मर्मर हलका असेल तर पुढच्या लसीला परत ऐकून घ्या, चार-सहा महिन्यांचं झाल्यावरही राहिला तर इको करा. मोठा मर्मर किंवा लक्षणं असतील तर लगेच. आणि हो, नसबंदीची तारीख घेतली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच सांगा.