आयपीव्ही६ आणि ऑफिसचे फोन: रत्नागिरीत धंदा शिकताना

माझी सुरुवात तारा ओढण्यातून झाली. रत्नागिरीत एका ईपीएबीएक्सवाल्याकडे, म्हणजे ऑफिसातली छोटी टेलिफोन एक्स्चेंजं बसवणाऱ्याकडे हेल्पर होतो. शिडी, तारा ठोकून बसवायचं क्रोन टूल आणि जांभ्याच्या भिंतीला भोक पाडायला ड्रिल, एवढीच माझी तंत्रविद्या. मिरगाच्या तोंडावर विजा कडकडल्या की दुसऱ्या दिवशी चार गिऱ्हाइकांचे फोन यायचे. तेही शेजाऱ्याच्या मोबाइलवरून, कारण यांची लाइन कार्डं जळून गेलेली.

पुढे आयपी फोन, म्हणजे नेटच्या तारेवरून बोलणारे फोन आले आणि मी स्वतःचं काम सुरू केलं. या धंद्यात नव्यानं उतरणारी पोरं हल्ली विचारतात, "दादा, आता सगळं मोबाइलवरच चालतं, यात काय उरलंय?" उरलंय बरंच. पण मला ते कळायला एक आंब्याचा सीझन फुकट घालवावा लागला.

पावस गावाजवळ एका बागायतदाराची पॅकिंग शेड, वाशीच्या मार्केटात त्यांचा गाळा. दोन्हीकडे आयपी फोन, शेडमध्ये एका जुन्या कॉम्प्युटरवर अ‍ॅस्टेरिस्क, म्हणजे एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर. सुरुवातीला शेडवाल्यांची तक्रार एकच: "मी बोलतोय ता त्यांका ऐकू जाता, त्यांचा माका काय येत नाय." नव्या माणसाला हाच रोग सगळ्यात जास्त भेटणार, म्हणून त्याचं मूळ नीट समजून घ्या. नेटवर फोनांचे दोन नियम चालतात: रिंग वाजवण्याचं काम एसआयपी करतो, आवाज नेण्याचं काम आरटीपी, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. एसआयपीच्या निरोपाच्या पोटात फोन स्वतःचा पत्ता लिहितो: आवाज मला १९२.१६८.१.२० वर पाठव. हा पत्ता घरातल्या घरातला. वाशीच्या गाळ्यात तोच पत्ता त्यांच्या प्रिंटरचा असायचा! राउटरमधलं एसआयपी एएलजी नावाचं खातं हा पत्ता बदलून द्यायचा प्रयत्न करतं आणि बहुतेक वेळा घोळ वाढवतं. ते बंद केलं, सर्व्हरला बाहेरचा पत्ता सांगितला, पोर्ट फॉरवर्ड केले (म्हणजे बाहेरून ठरावीक दारावर आलेलं थेट सर्व्हरकडे धाडायला राउटरला सांगितलं), आवाज आला.

मग शेडला फायबर आला. स्पीड वाढला आणि वाशीचा फोन मेला. राउटरच्या स्टेटस पानावर पाहिलं तर बाहेरचा पत्ता १०० नं सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला की समजायचं, नेट देणाऱ्या कंपनीनं अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. म्हणजे पोस्टमननं सगळ्या वाडीची पत्रं एकाच पडवीत टाकायची आणि वाटणाऱ्यानं फक्त आधी ज्यांनी पत्र धाडलं त्यांचीच उत्तरं पोचवायची. बाहेरून आपणहोऊन आलेल्या पत्राला वाली नाही. तिथं तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग काय कामाचं?

यात कंपनीची लबाडी नाही. जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. नव्या आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा. आंब्याच्या प्रत्येक पेटीला एकेक पत्ता दिला तरी संपायचे नाहीत.

कंपनीकडे फिक्स आयपी, म्हणजे आपला एकट्याचा न बदलणारा पत्ता मागितला, तर त्या भागात मिळत नाही म्हणाले. महिनाभर मी हॉटस्पॉट, दुसरं डोंगल असले उद्योग केले. तेवढ्यात सीझन संपला. आणि गंमत म्हणजे उत्तर त्याच स्टेटस पानावर, एक ओळ खाली होतं: २ नं सुरू होणारा लांबलचक पत्ता. कंपनी आयपीव्ही६ देत होती. मीच प्रत्येक गिऱ्हाइकाकडे राउटर लावताना पहिलं काम म्हणून ते आतल्या बाजूला बंद करत होतो, कारण माझ्या उस्तादानं तसं शिकवलं होतं. "नसती ब्याद, टिक काढ."

माझ्या मते आपल्या भागातली संधी याच टिकमध्ये आहे. सहाचा (आयपीव्ही६चा) पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांच्या दारात आधीच आलाय, त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि तो वापरून देणारा माणूस पंचक्रोशीत सापडत नाही. खात्री करायची तर तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये आयपी अ‍ॅड्रेस बघा. डेटा चालू असताना २ नं सुरू होणारा पत्ता बहुधा दिसेलच.

पुढच्या वर्षी शेडच्या सर्व्हरला आणि वाशीच्या फोनला सहाचे पत्ते दिले. मधे नॅट, म्हणजे पत्ते बदलणारी ती पडवी नाही, आवाज सरळ. मी खूश. पण सर्व्हरचा पत्ता मी वाशीच्या फोनमध्ये आकड्यांनीच टाइप केला होता. अवकाळी पावसात शेडची लाइट रात्रभर गेली, सकाळी राउटरला कंपनीकडून नवा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग मिळाला आणि फोन पुन्हा मुका. बागायतदार म्हणाले, "तुझा सहा नंबर पण चार नंबरासारखाच निघाला रे." तेव्हापासून नियम केलाय: पत्ता कधी टाइप करायचा नाही, नावच द्यायचं. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नेटच्या वहीत एएएए रेकॉर्ड (सहाच्या पत्त्याची नोंद), आणि प्रीफिक्स बदलला की तो आपोआप अपडेट करणारी छोटी स्क्रिप्ट. कोकणात जिथं लाइटीचा भरवसा नाही तिथं हे आधी करा, बाकीचं मग.

दुसरी चूक मी थोडक्यात वाचवली. नॅट गेलं म्हणजे आडोसाही गेला. सहामध्ये एका ऑफिसच्या नेटवर्कलाच इतके पत्ते असतात की चोर एकेक दार वाजवत फिरू शकत नाही, हे खरं. पण आपणच डीएनएसमध्ये नाव लावल्यावर दार शोधावं कशाला लागतं? फायरवॉलमध्ये फक्त लागतात तेवढेच पोर्ट उघडा, एसआयपी टीएलएसवर, म्हणजे कुलूपबंद वाटेनं, ५०६१ पोर्टला चालवा, पासवर्ड एक्स्टेंशन नंबरचाच ठेवू नका. हल्ली मी दोन ऑफिसं जोडताना सहावरून वायरगार्ड या व्हीपीएनचा कुलूपबंद बोगदा टाकतो आणि फोन त्यातून नेतो. डोक्याला ताप कमी.

पैसे कशात मिळतात? फोन विकण्यात फारसे नाहीत, तो गिऱ्हाईक ऑनलाइन मागवतो. मिळतात ते आधीच्या पाहणीत आणि वर्षाच्या एएमसीत, म्हणजे देखभालीच्या करारात. पाहणी म्हणजे कुठला फोन सहा बोलतो, कुठला फक्त चार, राउटरचं फर्मवेअर किती जुनं, याची यादी. जुने सेट फेकायला लावू नका. दोन्ही पत्ते शेजारी चालवता येतात, समोरचा चारवर असेल तर चार लागणारच. एक खोच लक्षात ठेवा: ऑफिसातली माणसं मोबाइलवर सॉफ्टफोन (फोनचं अ‍ॅप) वापरत असतील तर पत्ते डीएचसीपीव्ही६ नं, म्हणजे राउटरनं एकेक पत्ता नेमून देण्याच्या पद्धतीनं वाटू नका. अँड्रॉइडनं वर्षानुवर्षं असा पत्ता घेतलाच नाही, त्याला स्लॅक, म्हणजे स्वतःच पत्ता बनवायची पद्धत लागते. मालवणात एका लॉजवर मी यापायी दोन दिवस काढले, आणि दोन्ही दिवस मासे खाण्याचीही शुद्ध नव्हती.

कायद्याचं एकच सांगतो, पण ते हसण्यावारी नेऊ नका. आपल्याच दोन ऑफिसांमधला कॉल वेगळा. बाहेरच्या नंबरांवर बोलायचं असेल तर परवानाधारक कंपनीची एसआयपी ट्रंकच (नेटवरून मिळणारी फोनलाइन) घ्या. बाहेरून नेटवर आलेला कॉल गेटवे लावून गुपचूप साध्या लाइनवर उतरवून द्या म्हणणारा भेटेल, पैसेही बरे देईल. हात जोडा आणि निघा.

शिकायला पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. घरचा राउटर, जुना लॅपटॉप, तारेतून काय जातंय ते दाखवणारं वायरशार्क पुरे. हरिकेन इलेक्ट्रिक या अमेरिकन नेट कंपनीची आयपीव्ही६ची परीक्षा मी दिली तेव्हा फुकट होती, आणि तिच्यात पाठांतर चालत नाही, खरोखरचा वेब सर्व्हर आणि मेल सहावर चालवून दाखवावे लागतात. हेक्सची, म्हणजे सहाचे पत्ते ज्या आकडे-अक्षरांत लिहितात त्यांची भीती आठवड्यात जाते.

आणि काम मागायला दिवाळीनंतर जा. मार्चपासून बागायतदार तुम्हाला ओळखही दाखवणार नाही, आणि पावसाळ्यात जाल तर खाऱ्या हवेनं हिरवे पडलेले आरजे४५ कनेक्टर बदलण्यातच दिवस जाईल. जाताना क्रिंपिंग टूल आणि अर्थिंग तपासायला मीटर घ्या. मला सहाचं एक काम अर्थिंग तपासायला बोलावलं होतं, तिथंच मिळालं.