गुडघ्याखालून पाय गेलाय आणि उभं राहताना तोल जातो? या चुका टाळा

कृत्रिम पाय बसवला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच पायाकडे. तोल गेला की दोषही त्यालाच. पण मधुमेहामुळे किंवा विडी-तंबाखूने रक्तवाहिन्या बंद पडून पाय गेला असेल, तर आधी दुसरा पाय बघा. अपघातात पाय गेलेल्या पंचविशीतल्या मुलाचे व्हिडिओ बघून तसंच करायला जाऊ नका. त्याचा दुसरा पाय धडधाकट असतो. तुमचा आजार मात्र बहुधा दोन्ही पायांत असतो, आणि राहिलेल्या तळव्याला फरशी नीट जाणवतच नसेल, तर तोल सांभाळणार कशावर?

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सगळा भार 'चांगल्या' पायावर टाकून उभं राहणं. त्या पायाला जखम झाली तर ती लवकर भरत नाही. वजनाचे दोन सारखे काटे शेजारी ठेवा, सुईचे असले तर उत्तम. डिजिटल काटा आकडा धरून ठेवतो. ओट्याला धरा, मागे कुणाला तरी उभं करा आणि एकेका काट्यावर एकेक पाय ठेवा. ६० किलोच्या माणसाचे एकीकडे ४० आणि दुसरीकडे २० दिसले, तर कंबर हळूहळू कृत्रिम पायाकडे सरकवा. खांदा झुकवून आकडा वाढवणारे बरेच असतात, ते चालायचं नाही. नजर समोर ठेवा. जमायला लागलं की ओट्याला नुसती बोटं टेकवा. तेवढ्यानेही तोलाला मदत होते.

दुसरी गोष्ट खास आपल्या घरांतली. चपला दाराबाहेर. कृत्रिम पायाची जुळणी, म्हणजे उंची आणि कोन बसवणं, बूट घालून केली असेल, तर बूट काढल्यावर टाचेची उंची जाते, कृत्रिम पायाची नळी मागे कलते, गुडघा मागे ढकलला जातो आणि चढावर उभं असल्यासारखं वाटतं. टाच जास्त उंच झाली तर उलट, गुडघा पुढे मुडपतो. १९६८च्या सुमाराचा जयपूर फूट हा कृत्रिम पाय अनवाणी चालणाऱ्यांचा विचार करूनच बनवला होता. तरी बधिर तळव्याने अनवाणी फिरणं धोक्याचंच. त्यापेक्षा घरात घालायची वेगळी जोडी ठेवा, टाच बुटाइतकीच उंच, आणि जुळणीच्या वेळी ती सोबत न्या.

सकाळी ठीक, संध्याकाळी डगमग? दिवसभरात स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आकसतो, सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत, खाली सरकतो आणि पाय आखूड वाटतो. अशा वेळी कृत्रिम पाय काढा, त्वचा बघा, स्टंपवर घालायचा एक मोजा वाढवा. मोजे जास्त झाले तर स्टंप पूर्ण आत जात नाही आणि पाय लांब वाटतो. लाली दहा-वीस मिनिटांत गेली नाही किंवा फोड दिसला, तर पाय घालू नका, दाखवून या.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं बंद करा. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो.

पडण्याचा धोका रात्री फार. झोपेच्या भरात कापलेला पाय अजून आहेच असं वाटतं आणि माणूस तसाच पलंगावरून उतरतो. वॉकर हाताशी हवा, मंद दिवा चालू हवा, कारण तळव्याची जाणीव कमी झाली की तोलाची भिस्त डोळ्यांवर येते. उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा. मधुमेहात एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते.