आंबा पॅकहाउसची संगणक प्रणाली : आधी प्रक्रियेची आकृती कशी काढावी

रत्नागिरी-देवगडकडच्या आंबा पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचे ठरले की पहिली बैठक फॉर्मवर कोणते रकाने हवेत या चर्चेतच संपते. हा क्रम उलटा आहे. माल आणि कागद कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, कुठे अडून राहतो आणि कोणाच्या निर्णयाने वळतो, याची आकृती आधी काढावी. रकाने तिच्यातूनच निघतात. त्यासाठी बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) ही कामकाजाच्या आकृत्या काढण्याची चिन्हपद्धत वापरावी. तिची २.० ही आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. रोजच्या कामाला तिची मोजकीच चिन्हे लागतात : वर्तुळ म्हणजे घटना, गोलसर कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम, शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह म्हणजे फाटा, सलग रेघेचा बाण म्हणजे कामांचा क्रम आणि तुटक रेघेचा बाण म्हणजे एका पक्षाने दुसऱ्याला दिलेला निरोप.

प्रथम आज चालू असलेली पद्धत टिपावी, आणि ती मालकाच्या केबिनमध्ये बसून नव्हे, तर ऐन हंगामात शेडमध्ये उभे राहून. क्रेट उतरवून घेणारा, अढी लावणारा (आंबे पिकायला रचून ठेवणारा), प्रतवारी करणारा आणि पट्टी (बागायतदाराच्या हिशेबाचा कागद) लिहिणारा अशा प्रत्येकाला विचारावे, की तुमच्याकडे माल येतो तेव्हा सोबत काय लिहिलेले असते आणि पुढे देताना तुम्ही काय लिहिता. मग प्रत्येक भूमिकेसाठी एक आडवी लेन आखून कामे तिच्यात मांडावीत.

यापुढचा टप्पा सर्वांत अवघड आहे. मलाही याच टप्प्याने सर्वाधिक काळ अडवून ठेवले होते. प्रश्न असा, की बाणावरून नेमके काय पुढे सरकते आहे? नवखा माणूस क्रेट आले, अढी लावली, प्रतवारी झाली, पेटी भरली, गाडी गेली, पैसे मिळाले, अशी एकच लांब साखळी काढतो. ती दिसायला बिनचूक असते, पण तिच्यावरून प्रणाली उभी राहत नाही. सुरुवातीला सरकतो तो एका बागायतदाराचा लॉट. प्रतवारीला त्याचे वजनानुसार ढीग होतात आणि डागी फळे कॅनिंगकडे जातात. पुढे मुंबईच्या एखाद्या ऑर्डरची पेटी दोन-तीन बागायतदारांच्या ढिगांतून भरली जाते, आणि शेवटची पट्टी पुन्हा एकेका बागायतदाराची निघते. साखळी एकच काढली, तर प्रोग्रामर बागायतदार आणि ग्राहक एकाच ओळीत बसवतो. साका, म्हणजे फळाच्या आतल्या गरातला दोष, बाहेरून दिसत नाही, तो ग्राहकाच्या सुरीखालीच उघड होतो. त्याची तक्रार आली की तो आंबा कोणत्या बागेतला हे अशा प्रणालीतून सापडत नाही.

म्हणून सलग बाणाने जोडलेली कोणतीही दोन कामे घ्यावीत आणि विचारावे : पहिले काम एकदा झाले की त्याच मालासाठी दुसरेही एकदाच होते का? प्रतवारी आणि पेटी भरणे यांच्यात उत्तर ‘नाही’ असे येते, तेव्हा आकृती तिथेच तोडावी. आवक लॉटमागे एकदा चालते, विक्री ऑर्डरमागे एकदा, आणि हिशेब बागायतदाराच्या पट्टीमागे एकदा. या तीन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. त्यांना बाणाने जोडू नये. प्रतवारी साठ्याच्या नोंदीत लिहिते आणि विक्री तिथूनच वाचते, इतकाच त्यांचा संबंध ठेवावा. पेटी क्रमांक, लॉट क्रमांक आणि नग अशी छोटी नोंद पेटी भरतानाच करावी. ‘हे नंतर जोडता येईल’ असे कोणी म्हटले तर ठाम नकार द्यावा, कारण पेटी बंद झाल्यावर ही माहिती कुठेच उरत नाही. हापूसला २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या नावाने माल विकणाऱ्याला फळ कोणत्या बागेचे हे सांगता आलेच पाहिजे. एका पेटीत एकाच लॉटचा माल भरायचा, असा निर्णय मालकाने घेतला तर काम बरेच सोपे होते, पण तो निर्णय सॉफ्टवेअरच्या आधी व्हायला हवा.

प्रत्येक फाट्यावर कोण ठरवते आणि कशाच्या आधारे, हे लिहावे. वजनाचा फाटा नियमात बसतो. अढीतला आंबा पाठवण्याजोगा झाला की नाही, हे मात्र जाणता माणूस रंग, वास आणि बोटाचा हलका दाब यांवरून ठरवतो. त्याचा नियम करण्याच्या फंदात पडू नये. प्रणालीने फक्त निर्णय, तारीख आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव नोंदवावे.

यानंतर लेनवरून वापरकर्त्यांचे अधिकार, कामांवरून संगणकावरचे पडदे (स्क्रीन) आणि साठ्यांवरून माहितीचे तक्ते ठरतात. प्रोग्रामिंग सुरू करण्याआधी गेल्या हंगामातील काही खऱ्या पट्ट्या, त्यांत वादाची एखादी तरी धरून, हाताने आकृतीवरून चालवून पाहाव्यात. प्रणाली चालू झाल्यावर प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट यांची वेळ नोंदली गेली, तर माल कुठे तुंबतो ते कळते. कोणताही बदल आधी आकृतीत करावा, तिच्यावर तारीख टाकावी आणि मगच तो प्रोग्रामरकडे द्यावा.