फ्री-टू-एअर डिश घरी लावताय? छत्री फिरवायच्या आधी या चुका टाळा

फ्री-टू-एअर, म्हणजे महिन्याचे पैसे न भरता दिसणारे चॅनल आले नाहीत की सगळ्यांचा हात आधी छत्रीवर, म्हणजे डिशवरच जातो. नट ढिले करायचे, डावीकडे उजवीकडे फिरवायची, खालून कुणीतरी ओरडतंय "आलं आलं… गेलं", आणि संध्याकाळपर्यंत जे थोडंफार जुळलेलं होतं त्याचीही वाट लागलेली. खरं तर नवीन सेटअपमध्ये बराचसा घोळ बॉक्सच्या मेनूत नाहीतर केबलच्या टोकाला असतो. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, छत्रीला हात सगळ्यात शेवटी.

पहिली गोष्ट म्हणजे स्ट्रेंथची पट्टी बघून खूश होऊ नका. स्क्रीनवर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बऱ्याच बॉक्समध्ये डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी स्ट्रेंथ भरपूर दिसते, कारण एलएनबीला (डिशसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडून केबलमधून खाली पाठवणारा भाग) करंट मिळाला की त्याचा स्वतःचाच नॉइज केबलमधून खाली येतो आणि बॉक्स तोही मोजतो. म्हणजे स्ट्रेंथ एवढंच सांगते की वायर जोडलेली आहे आणि एलएनबी जिवंत आहे. सिग्नल खरंच सापडलाय का हे क्वालिटीच सांगणार. स्ट्रेंथच शून्य असेल तर मात्र छतावर जाऊच नका, आधी कनेक्टर बघा.

कनेक्टर म्हणजे ते स्क्रूवालं एफ कनेक्टर. केबल सोलताना जाळीचा एखादा केसाएवढा तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटून राहतो आणि शॉर्ट होतो, काही बॉक्स तसा मेसेजपण दाखवतात. केबल ७५ ओहमची आरजी-६ घ्या, मध्ये जोड देऊन त्यावर टेप गुंडाळण्यापेक्षा अखंडच टाका, आणि काढघाल करताना बॉक्स बंद ठेवा कारण त्या केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट वर जात असतात. हे व्होल्ट नुसते पॉवरसाठी नाहीत बरं का, सिग्नलच्या लहरी उभ्या किंवा आडव्या येतात (यालाच पोलरायझेशन म्हणतात), १३ म्हणजे उभ्या, व्हर्टिकल आणि १८ म्हणजे आडव्या, हॉरिझॉन्टल. म्हणून व्हर्टिकलचे चॅनल छान दिसतात आणि हॉरिझॉन्टलचा एकही नाही असं झालं तर संशय केबल, कनेक्टर, एलएनबी किंवा बॉक्सच्या पुरवठ्यावर घ्या. लांब आणि हलक्या केबलमध्ये वर पोचेपर्यंत १८ चे १८ राहत नाहीत.

आता मेनू. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. एलएनबीच्या अंगावर एल.ओ. (लोकल ऑसिलेटर) फ्रिक्वेन्सी छापलेली असते, म्हणजे आलेल्या फ्रिक्वेन्सीतून वजा होणारा आकडा, तीच बॉक्समध्ये टाकायची. केयू बँडच्या (लहान डिशवर येणारा वरच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा) युनिव्हर्सल एलएनबीला ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ असे दोन आकडे असतात, सी बँडला (मोठ्या डिशवरचा खालच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा) बहुतेक ५१५०. बॉक्स करतो काय तर नुसती वजाबाकी. ११५०० ची फ्रिक्वेन्सी असेल तर ११५०० वजा ९७५०, म्हणजे १७५० वर तो ट्यून होणार. तुम्ही एल.ओ. चुकीचा टाकलात की तो भलत्याच जागी शोधत बसतो, मग डिश अगदी अचूक असली तरी क्वालिटी शून्यच. युनिव्हर्सलमध्ये ११७०० च्या वरच्या चॅनलसाठी २२ किलोहर्ट्झचा टोन (बॉक्सने केबलमधून एलएनबीला दिलेला इशारा) लागतो, तो ऑटोवर ठेवा, बंद राहिला तर वरचा अख्खा बँड गायब.

अजून एक गैरसमज. मेनूत सॅटेलाइटचं नाव निवडलं म्हणजे बॉक्स त्या सॅटेलाइटकडे बघतोय असं काही नसतं! ते नाव म्हणजे फक्त फ्रिक्वेन्सीच्या यादीवरचं लेबल. यादी जुनी असेल तर सगळं बरोबर असूनही काही सापडणार नाही. आधी चालू असलेली एक ताजी फ्रिक्वेन्सी, तिचं पोलरायझेशन आणि सिंबॉल रेट (डेटा येण्याचा वेग) हाताने टाका आणि तिच्यावरच डिश जुळवा. क्वालिटी आली पण चॅनल भलतेच दिसतायत तर शेजारचा सॅटेलाइट पकडलाय, हे सर्रास होतं.

एवढं सगळं तपासून झालं की मग छत्री. सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात, त्यामुळे उत्तर गोलार्धात तोंड साधारण दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. पोलला ओळंबा लावून बघा, पोल तिरका असेल तर डिश फिरवताना उंचीचा कोनपण बदलत जातो आणि मग कितीही फिरवा. होकायंत्र किंवा फोन लोखंडी पोलजवळ धरू नका, चार पावलं लांब जा, आणि चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यातला फरक धरा.

ऑफसेट डिश, म्हणजे ज्यात एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूच्या दांडीवर असतो, ती डोळ्यांना सरळ उभी वाटते म्हणून लोक आभाळाकडे जास्त कलवतात. समजा सॅटेलाइट क्षितिजापासून ४० अंशांवर आहे आणि डिशचा ऑफसेट (डिशचं तोंड दिसतं ती दिशा आणि ती खरंच पकडते ती दिशा यांतला कोन) २४ अंश आहे, तर डिश फक्त १६ अंश मागे झुकलेली दिसायला हवी. अंदाज चुकतो तो इथेच. ६० सेंटिमीटरच्या डिशला केयू बँडमध्ये जेमतेम तीनेक अंशांची झोत-रुंदी, म्हणजे सिग्नल सापडतो तेवढा कोन, मिळते, मोठ्या डिशला त्याहून कमी, त्यात बॉक्सला लॉक व्हायला एकदोन सेकंद लागतात, म्हणून किंचित हलवा, थांबा, पट्टी बघा, परत हलवा. भर्रकन फिरवली तर सिग्नल येऊन गेलेला कळतच नाही. शेवटी एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये थोडा थोडा फिरवून बघा, हा स्क्यू बरेच जण विसरतात. आणि नट आवळताना पट्टीवर नजर ठेवा, आवळतानाच डिश सरकते.

काही गोष्टी बिघाड नसतातच. चॅनलपुढे डॉलरचं चिन्ह आहे म्हणजे तो एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद आहे, कुठलंही सेटिंग करून तो फुकट दिसणार नाही. आवाज येतो आणि चित्र काळं, तर बहुधा बॉक्स जुना आहे आणि त्याला एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून पाठवायची नवी पद्धत) झेपत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही दिवस दुपारच्या सुमारास थोडी मिनिटं सिग्नल जातो, कारण सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे आलेला असतो. गप बसा, येतो आपोआप. मोठ्या पावसात गेला तरी तेच, पण साध्या सरीतही जात असेल तर मुळातच क्वालिटी काठावर होती.

आणि दुसरा सॅटेलाइट शोधायचा मोह झाला तर नट ढिला करायच्या आधी पोल आणि ब्रॅकेटवर रंगाची रेघ मारून ठेवा.